बास मासेमारी आणि तलावातली बोट: नवशिक्यांनो, या चुका टाळा

लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला, मोठ्या तोंडाचा शिकारी मासा काठाला राहतो. बुडालेली झाडं, लव्हाळी, धक्क्याखालची सावली, कमळाची पानं, दबा धरायला जिथे आडोसा मिळेल तिथे. त्यामुळे त्याच्या मागावर जाणारा माणूस लहान बोटीतून, उथळ पाण्यातून, बुंध्यांच्या अधूनमधून आणि बहुतेक वेळ उभा राहून गळ टाकतो. तलावात बोट सांभाळायला याहून अवघड जागा नाही, आणि नेमकं तिथेच नवशिक्याचं सगळं लक्ष पाण्यातल्या हालचालीवर असतं. मासा मिळाला नाही तर फार तर एक सकाळ वाया जाते. बोटीच्या चुका तेवढ्यावर भागत नाहीत, म्हणून सुरुवात बोटीपासून.

बूच न लावता बोट पाण्यात लोटणं

ट्रेलरवरून नेण्याच्या बोटीला मागच्या फळीत, अगदी तळाशी, साधारण एक इंच व्यासाचं भोक असतं. बोट बाहेर असताना आत साचलेलं पाणी वाहून जावं म्हणून ते ठेवलेलं असतं. बोट पाण्यात उतरवण्याआधी त्यात ड्रेन प्लग, म्हणजे साध्या भाषेत बूच, बसवायचं. एवढीशी गोष्ट, पण दर मोसमात ती विसरली जाते, आणि प्रसंग जवळजवळ एकाच क्रमाने घडतो.

पहाटेची वेळ, रॅम्पवर (बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर) मागे दोन गाड्या ताटकळत थांबलेल्या. एकजण रॉडचे पट्टे सोडतोय, दुसरा सामान चढवतोय. मागच्या गाडीचे दिवे अंगावर पडतात, घाई होते, बोट सुटते, इंजिन चालू होतं आणि दोघं भरवेगात पहिल्या जागेकडे निघतात. वेगात असेपर्यंत काहीच कळत नाही. बोट पाण्यावर उचलली गेली की मागच्या फळीजवळचा दाब कमी होतो, त्यामुळे पाणी आत येण्याऐवजी बाहेरच ओढलं जातं. जागेवर पोचल्यावर इंजिन बंद होतं, बोट खाली बसते आणि दोघं पुढच्या डेकवर जाऊन कास्टिंग, म्हणजे गळ फेकणं, सुरू करतात. भोक आता त्यांच्या पाठीमागे, पाण्याखाली.

ते फूटभर खाली असेल तर मिनिटाला ४० लिटरच्या आसपास पाणी आत येतं. तासाला ५०० गॅलनचा छोटा बिल्ज पंप (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा) कागदावरही मिनिटाला ३२ लिटरच काढतो, आणि बॅटरी उतरलेली किंवा पाइप लांब असेल तर त्याहून कमी. म्हणजे पंप व्यवस्थित चालू असूनही बोट भरत जाते. मागचा भाग जसजसा खाली जातो तसतसं भोकही खोल जातं आणि पाणी अधिक जोराने येतं. बॅटऱ्याही मागेच, तळाशी असतात. त्यांची टोकं पाण्याखाली गेली की पंपाचा भरवसा नाही आणि इंजिन चालू होण्याचाही नाही. कोणीतरी मागे वळून बघतं तेव्हा पेट्रोलची टाकी तरंगत असते.

अशा वेळी सगळ्यात आधी लाइफ जॅकेट चढवा. बुचापर्यंत हात पोचत असेल तर ते बसवा, नाहीतर फडक्याचा घट्ट बोळा भोकात कोंबा. दोन्ही जमत नसेल आणि बोट अजून हलकी असेल तर तिला वेग द्या आणि मध्येच थांबू नका, कारण उचललेल्या बोटीतलं पाणी त्याच भोकातून बाहेर जातं. जवळचा उथळ, वाळूचा काठ गाठा, वेळेवर वेग कमी करा आणि बोटीचं टोक हळूच वर चढवा. बोट जड होऊन उचलतच नसेल तर रॅम्पपर्यंत जायचा हट्ट सोडून सगळ्यात जवळचा किनारा धरा.

विसरू नये म्हणून लोक कागदावर यादी लिहितात आणि यादी गाडीत राहते. आमची सवय साधी आहे: बूच बोटीच्या इंजिनाच्या किल्लीलाच बांधलेलं. ते हातात आल्याशिवाय इंजिन चालूच करता येत नाही. जोडीला अवजारांच्या डब्यात एक जादा बूच. रबर चिरलं असेल किंवा कडक झालं असेल तर लगेच नवीन घ्या. भोकावरच्या आपोआप बंद होणाऱ्या झडपेवर विसंबून राहू नका. तिच्यात एक काडी अडकली तरी ती उघडी राहते.

या चुकीच्या मुळाशी विसरभोळेपणा कमी आणि रॅम्पवरची घाई जास्त असते. सामान चढवणं, पट्टे सोडणं, बूच लावणं, बोटीच्या पुढच्या कडीला दोरी बांधणं, हे सगळं पार्किंगमध्ये उरका. त्याला दहा मिनिटं लागतात. रॅम्पवर फक्त बोट उतरवायची. त्यातही विंचचा (बोट ट्रेलरवर ओढून धरणाऱ्या चरखीचा) हुक आणि साखळी बोटीचा मागचा भाग पाण्यात तरंगायला लागेपर्यंत सोडायची नाही. ट्रेलरच्या फळ्या गुळगुळीत असतात, आणि हुक आधी सोडला तर बोट उतारावरूनच सटकून काँक्रीटवर आदळते. मागे जाताना इंजिन वर उचललेलं ठेवा आणि गाडीचा हँडब्रेक ओढूनच खाली उतरा. पाण्यालगतच्या शेवाळावर पाय फार घसरतो, हेही लक्षात असू द्या.

हवा उबदार म्हणून पाणीही उबदार समजणं

मोठे बास मिळण्याचा उत्तम काळ म्हणजे वीण सुरू होण्याआधीचे आठवडे. पाणी १० ते १५ अंश सेल्सिअसला आलं की खोलात थंडी काढलेले मासे काठाकडे सरकतात आणि अधाशासारखे खातात. त्याच दिवसांत दुपारची हवा २०-२२ अंशांची असते. ऊन अंगाला बरं वाटतं, जाड कपडे आणि लाइफ जॅकेट उतरतात आणि डेकवर पडून राहतात. म्हणजे मासेमारीचे सगळ्यात चांगले दिवस पाण्यात पडायला सगळ्यात वाईट असतात. नवशिक्यांना हे कोणी सांगत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर.

इतक्या गार पाण्यात माणूस पडला की पहिल्याच क्षणी त्याच्या इच्छेविरुद्ध मोठा श्वास आत ओढला जातो. तोंड पाण्याखाली असेल तर तो श्वास पाण्याचाच. मॅनिटोबा विद्यापीठातले शास्त्रज्ञ गॉर्डन गिसब्रेख्त यांनी लोकांपर्यंत पोचवलेलं १-१०-१ हे सूत्र पाठ करून ठेवा. श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातापायांत कामाचं बळ असतं ती साधारण १० मिनिटं आणि गारठ्याने शुद्ध हरपायला साधारण १ तास. तो एक तास फक्त तरंगत राहणाऱ्याला मिळतो. जॅकेट नसेल तर पट्टीचा पोहणाराही बळ संपल्यावर बुडतो. ‘जॅकेट हाताशी आहे, लागलं तर घालू’ हे म्हणणं तिथेच संपतं. पाण्यात पडून, बोटं बधिर असताना, बंद जॅकेटचे पट्टे लावून बघायचा प्रयत्न कोणीही करून बघावा.

जॅकेट बसतं का हे दुकानातच तपासा. सगळे पट्टे लावा आणि दुसऱ्याला खांद्यापाशी धरून वर उचलायला सांगा. जॅकेट कानांपर्यंत आलं तर ते तुमच्या मापाचं नाही. फुगणारं जॅकेट हलकं असतं, कास्टिंगला अडत नाही, म्हणून बासवाल्यांना आवडतं. पण त्यातला वायूचा सिलिंडर घट्ट बसलेला आहे ना आणि खूण हिरवी आहे ना, हे दर वेळी निघण्याआधी बघावं लागतं. एकदा फुगलेलं जॅकेट नवा सिलिंडर बसवल्याशिवाय पुन्हा आपोआप फुगत नाही. ते नुसतं घडी करून ठेवून देणारे बरेच आहेत.

याच्याच जोडीची दुसरी वस्तू म्हणजे किल स्विचची दोरी. एक टोक इंजिनाच्या स्विचला, दुसरं तुमच्या जॅकेटच्या कडीला. चालक बाहेर फेकला गेला की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. दोरी नसेल तर सुकाणू मोकळं सुटतं, आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन) एका बाजूला वळतं आणि बोट गोल फिरत पुन्हा त्याच माणसावर येते, पंख्यासकट. पाण्याखालच्या एका बुंध्याला इंजिन आपटलं तरी एवढं घडायला पुरतं. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून संघराज्याच्या अखत्यारीतल्या पाण्यात, २६ फुटांहून लहान आणि ३ किंवा जास्त अश्वशक्तीच्या इंजिनाच्या बोटींना वेगात असताना ही दोरी लावणं कायद्याने बंधनकारक झालं आहे. कायदा असो वा नसो, लावा. सतत काढघाल नको म्हणून ती स्विचपाशी गुंडाळून ठेवणं हा तर सगळ्यात वाईट शॉर्टकट.

एकट्याने जाणाऱ्याने बोटीत परत चढायचा सराव उन्हाळ्यात, काठाजवळ, अंगावर कपडे ठेवूनच करावा. शिडी मागच्या बाजूला आणि पाण्यातून हाताने ओढून खाली घेता येईल अशीच हवी. फोन पाण्यापासून जपणाऱ्या पिशवीत, पण अंगावर. बोटीच्या कप्प्यात ठेवलेला फोन बोटीबरोबर दूर जातो.

बेटकास्टर रील घेतल्या घेतल्या तलावावर जाणं

बेटकास्टर म्हणजे फेकताना जिचा स्पूल (लाइन गुंडाळलेली चकरी) स्वतः फिरून लाइन सोडतो अशी रील. पहिलाच कास्ट, आणि स्पूलवर लाइनचं घरटं. लोक रीलला दोष देतात. खरं तर आमिष हवेत मंदावतं तेव्हा स्पूल मंदावत नाही. लाइन जाते त्याहून वेगाने तो सुटत राहतो आणि गुंता होतो.

आधी टेन्शनची चकती लावून घ्या. आमिष रॉडच्या टोकाशी लटकवा, बटण दाबा आणि ते सावकाश खाली जाऊ द्या. आमिष जमिनीला टेकताच स्पूल थांबला पाहिजे. फिरत राहिला तर चकती थोडी घट्ट करा. आमिष बदललं की हे पुन्हा करायचं, कारण वजन बदललेलं असतं. ब्रेक सुरुवातीला पूर्ण वर ठेवा आणि हात बसेल तसे एकेक घर कमी करा. शेवटचं काम अंगठ्याचं: स्पूलवर हलका टेकलेला, आणि आमिष पाण्याला लागण्याच्या क्षणी पूर्ण दाबलेला. १४ ग्रॅमचं गळ नसलेलं वजन बांधून हिरवळीवर तासभर सराव केलात तर तलावावरची पूर्ण सकाळ वाचते. ३-४ ग्रॅमची हलकी आमिषं बेटकास्टरवर सुरुवातीला फेकूच नका, त्यांना स्पिनिंग रील आहे. वाऱ्याच्या तोंडावर फेकणंही टाळा.

गुंता झालाच तर ओढू नका. अंगठा स्पूलवर घट्ट दाबून हँडल दोन-तीन फेरे फिरवा, मग हळूहळू लाइन बाहेर काढा. बहुतेक गुंते एवढ्यानेच सुटतात.

गाठ आणि गळ

गाठ आवळण्याआधी ती ओली करा. कोरडी फ्लोरोकार्बन लाइन (पाण्यात जवळजवळ न दिसणारी प्लास्टिकची लाइन) घर्षणाने तापते आणि गाठीपाशीच तुटते. ब्रेडसाठी, म्हणजे धागे विणून केलेल्या लाइनसाठी, पॅलोमार नावाची गाठ बांधा. नुसत्या गुळगुळीत स्पूलवर ब्रेड घसरते, म्हणून खाली थोडी मोनो (एकपदरी नायलॉनची लाइन) गुंडाळा. लाकडाला घासून आलेला शेवटचा हातभर भाग बोटांनी चाचपा. खरखरीत लागला तर कापून गाठ नव्याने बांधा. मोठा मासा हमखास तिथेच सुटतो.

टेक्सास रिगमध्ये (पुढे वजन, आणि गळाचं टोक रबरी आमिषात लपवलेलं) रबरी किडा गळावर सरळ बसला पाहिजे. जराही चुरगळला तर ओढताना तो गोल फिरतो आणि लाइनला पीळ पडतो. ६-७ इंची किड्याला ३/० चा ऑफसेट गळ आणि ७ ग्रॅमचं बुलेट वजन, सुरुवातीला एवढ्याने भागतं.

पाण्याच्या पृष्ठभागावर बास उसळला की लगेच झटका देऊ नका. रॉडवर वजन जाणवल्यावरच द्या. आवाजाला झटका देणाऱ्याचं तिहेरी गळाचं आमिष उडून थेट तोंडाकडे येतं. डोळ्यांवर चष्मा हवाच, बोटीत बसलेल्या दुसऱ्याच्याही, आणि फेकण्याआधी मागे बघायचं. गळ काट्यापर्यंत कातडीत घुसला आणि तो चेहरा, मान किंवा डोळ्याजवळ असेल तर हात न लावता दवाखाना गाठा.

उरलेल्या चुका, थोडक्यात

नांगर मागून टाकणं: मागची कड बुटकी असते, एका लाटेत पाणी आत येतं. नांगर पुढूनच टाका, आणि दोरी खोलीच्या पाच ते सात पट सोडा.

भरवेगातून एकदम थ्रॉटल बंद करणं: तुमचीच लाट मागून चढते. दुसऱ्या बोटीची लाट आली तर वेग कमी करून तिला तिरकं कापा.

जाताना वाऱ्याबरोबर जाणं: परतताना थकलेली बॅटरी आणि समोरून वारा. आधी वाऱ्याच्या विरुद्ध जा. इंधनाचा एक तृतीयांश जायला, एक यायला, एक राखीव.

गडगडाट ऐकूनही ‘आणखी दोन कास्ट’: कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते आणि मोकळ्या पाण्यावर तुम्हीच सगळ्यात उंच असता. रॉड आडवे ठेवा, काठ गाठा, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा.

मोठ्या बासला नुसत्या जबड्याने आडवा धरणं: सगळं वजन जबड्याच्या सांध्यावर येतं. दुसरा हात पोटाखाली द्या, हात आधी ओले करा. गळ खोल गिळला असेल आणि निघत नसेल तर ओढाताण न करता लाइन कापा.

एका तलावाचं पाणी दुसऱ्यात नेणं: झेब्रा शिंपल्यांची (नव्या तलावात शिरून झपाट्याने पसरणाऱ्या परक्या शिंपल्यांची) डोळ्यांना न दिसणारी पिल्लं लाइव्हवेलच्या, म्हणजे मासे जिवंत ठेवायच्या बोटीतल्या टाकीच्या, उरलेल्या पाण्यातूनही प्रवास करतात. रॅम्पवरून वर आल्यावर ट्रेलरला लटकलेलं शेवाळ आणि वेली उपटून टाका, लाइव्हवेल आणि बिल्ज रिकामे करा, उरलेलं जिवंत आमिष तलावात सोडू नका. बूच काढून बोटीचं नाक उंच करा, म्हणजे तळातलं पाणी पूर्ण निघेल. दुसऱ्या तलावात उतरवण्याआधी ती निदान पाच दिवस उन्हात वाळू द्या. काढलेलं बूच तेव्हाच किल्लीला बांधा.