विकिरणाला कांदा न्यायचा? आधी मान सुकवा

शेतकरी बंधूंनो, उन्हाळ कांद्याची काढणी तोंडावर आली आहे आणि वळीव कधी कोसळेल याचा नेम नाही. काढणीची घाई जरूर करा, पण सुकवणीचे दिवस खाऊ नका. चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, सडलेला कांदा जिथे जिथे पाहिला, तिथे बहुतेक वेळा कारण एकच निघालं: मान (कांद्याला पात जोडते तो भाग) ओली असतानाच पात कापली आणि लगेच चाळ भरली.

त्यात आता एक समजूत पसरली आहे, की लासलगावला विकिरण करून आणलं की कांदा कुजत नाही. कुजतो! लासलगावच्या केंद्रात 2002 पासून कोबाल्ट-60 मधून निघणारे गॅमा किरण वापरले जातात. कांद्याला मात्रा 60 ते 90 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक). तेवढ्याने पोटातल्या कोंबाच्या पेशींची वाढ थांबते आणि मोड येत नाहीत. किरण आरपार जातात, कांदा किरणोत्सारी होत नाही, बिनधास्त खा. पण एवढ्या मात्रेने बुरशी मरत नाही, सडवणारे जिवाणूही मरत नाहीत. जून-जुलैच्या दमट हवेतली सड ओल्या मानेतून आत शिरते. मोडांचा त्रास त्यानंतरचा, साधारण सप्टेंबरपासूनचा. विकिरण मोडांवर चालतं. सडीवर इलाज सुकवणीचाच.

निम्म्या माना पडल्या की कांदा उपटा. 3-4 दिवस शेतातच ठेवा, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असा. मग 3-4 सेंमी मान राखून पात कापा आणि सावलीत पातळ थरात 10-12 दिवस पसरा. मान दोन बोटांत चोळून बघा. आत ओलसर सरकल्यासारखं वाटलं तर अजून थांबा. माझा अनुभव असा, की मूठभर कांदे हलवल्यावर सालीचा खळखळ आवाज आला तरच चाळ भरावी. ढग दाटले तर कांदा पातीसकट छपराखाली घ्या. ओल्या ढिगावर ताडपत्री घट्ट आवळू नका, आतल्या आत उबून जाईल.

बाकीची कामं:
- काढणीआधी 15-20 दिवस पाणी तोडा.
- लागवडीपासून 60 दिवसांनंतर युरिया नको.
- जोड, डेंगळे (फुलांचे दांडे) आलेला, चिरलेला कांदा वेगळा काढून आधी विका.
- चाळीत थर 4-5 फुटांपर्यंतच, खालून हवा खेळती.

दुकानदार या दिवसांत फुगवणीचा शेवटचा स्प्रे आणि चाळीत टाकायची पावडर गळ्यात मारतात. फुगवलेला कांदा पाणी धरतो आणि टिकत नाही. ओल्या मानेवर कुठलीही पावडर टाका, सड थांबत नाही. तेच पैसे सावलीच्या शेडनेटला आणि दोन दिवसांच्या जादा मजुरीला लावा.

विकिरण करायचंच असेल तर सुकवणी होताच, कांदा सुप्तावस्थेत, म्हणजे आतला कोंब वाढायला लागण्याआधी, असताना करा. नेण्याआधी चार कांदे उभे चिरून पाहा. आतला कोंब हिरवा होऊन वर सरकू लागला असेल तर भाड्याचा खर्च वाया, कारण तो कोंब मरून आत तपकिरी पडतो. आणि बियाण्यासाठी लावायचे कांदे आधीच बाजूला काढा. विकिरण झालेला कांदा पुन्हा उगवत नाही, मग बी कुठून धरणार?