हजारो फायलींचा संगीत संग्रह: लावायचा कसा आणि मग ऐकायचा कसा

ज्यांच्याकडे सीडीवरून काढलेलं, कॅसेटवरून उतरवलेलं, कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आलेलं असं दहा-वीस हजार फायलींचं संगीत हार्डडिस्कवर पडलंय आणि रात्री बागेश्री ऐकावासा वाटला की तो सापडतच नाही, शेवटी कंटाळून यूट्यूब उघडलं जातं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. इंग्रजीत अशा गाइड भरपूर आहेत, पण त्या सगळ्या गायक, अल्बम, गाणं या तीन खणांवर उभ्या आहेत. आपल्याकडचं खयालगायन, नाट्यसंगीत, भावगीतं या तीन खणांत मावत नाहीत. आपण शोधतो रागावरून, नाटकावरून, गीतकारावरून, कधी कधी नुसतं "त्या तबलजीची साथ असलेली ती मैफल" एवढ्यावरून. म्हणून आधी हे खण वाढवायचे, बाकीचं सगळं त्याच्यामागून येतं.

पण कशालाही हात लावायच्या आधी पूर्ण संग्रहाची एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर काढा आणि ती डिस्क कपाटात ठेवून द्या. टॅग म्हणजे फाइलच्या आतच लिहिलेली गायक, अल्बम, राग अशी माहिती. ती बदलणाऱ्या टॅग एडिटरमध्ये एका क्लिकला दोन हजार फायली बदलतात, आणि चुकीचं सेव्ह झालं की जुनी माहिती गेलीच. ही कॉपी काम पूर्ण होईपर्यंत अजिबात पुसू नका.

आता फोल्डर. फोल्डरमध्ये फार हुशारी करू नका. शास्त्रीय, नाट्यसंगीत, भावगीत-भक्तिगीत, चित्रपट, वाद्य, बस्स. आत कलाकार, त्याच्या आत अल्बम. रागाचा फोल्डर, वेळेचा फोल्डर असलं काही करायचं नाही कारण एक फाइल एकाच जागी राहू शकते, आणि एकाच मैफलीत मारवा, ठुमरी आणि भैरवी तिन्ही असतात, मग मैफलीचे तुकडे करणार का? मैफल अखंड ठेवा, बाकीचं काम टॅगवर सोडा.

फायलींची आणि फोल्डरची नावं रोमन लिपीत आणि आतले टॅग देवनागरीत, असं मी ठामपणे सांगीन. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये (कॉम्प्युटरची अक्षरं साठवायची पद्धत) ३ बाइट खातं आणि काना-मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते, म्हणजे ८५ चिन्हं झाली की संपलं, आणि "राग, बंदिशीचे शब्द, ताल, गायक" असं लांबलचक नाव तेवढ्यात बसत नाही. शिवाय जुन्या कार स्टिरिओवर देवनागरी नावाच्या जागी नुसते चौकोन दिसतात.

टॅगसाठी विंडोजवर एमपीथ्रीटॅग घ्या, फुकट आहे आणि नाव एमपीथ्री असलं तरी फ्लॅक (आवाज जसाच्या तसा ठेवून जागा वाचवणारा फॉरमॅट) वगैरे सगळं चालतं. सेटिंगमध्ये जाऊन एमपीथ्रीसाठी आयडीथ्री (एमपीथ्रीमध्ये टॅग लिहायची पद्धत) २.३ आणि यूटीएफ-१६ निवडा, ते जवळजवळ सगळीकडे वाचलं जातं. आयडीथ्रीची पहिली आवृत्ती लिहिणं बंद करून टाका कारण तिच्यात नावाला ३० अक्षरांचीच जागा आहे आणि युनिकोड, म्हणजे देवनागरीची सोय, नाहीच, त्यामुळे काही प्लेअर तिथलं वाचून प्रश्नचिन्हांची रांग दाखवतात आणि लोकांना वाटतं फाइलच बिघडली.

नेहमीचे टॅग सोडून मी हे वाढवतो: राग, ताल, प्रहर, गीतकार, संगीतकार, नाटक, साथसंगत, ध्वनिमुद्रणाचं वर्ष. फ्लॅकमध्ये हव्या त्या नावाचं फील्ड बनवता येतं, एमपीथ्रीमध्येही एमपीथ्रीटॅग ते बनवून देतो. अडचण अशी की मोबाइलवरची बरीच ऍप्स ही जादा फील्ड दाखवत नाहीत, म्हणून रागाचं नाव फील्डमध्येही लिहा आणि टायटलच्या सुरुवातीलाही लिहा, "यमन: विलंबित एकताल" असं. दोनदा लिहिणं नको वाटतं खरं, पण फोनवर सर्चमध्ये "यमन" टाकलं की सगळे यमन समोर येतात.

ध्वनिमुद्रणाचं वर्ष वेगळं का, तर बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या पुढे कॅसेटवर आणि मग सीडीवर आल्या, आणि सीडीवरचं वर्ष असतं सीडी निघाल्याचं. ते तसंच ठेवलं तर "जुनं ते सोनं" म्हणून बनवलेल्या प्लेलिस्टमध्ये बालगंधर्वच सापडत नाहीत!

गंधर्वांवरून आठवलं. बालगंधर्व, सवाई गंधर्व, कुमार गंधर्व, छोटा गंधर्व. यातलं गंधर्व हे कुणाचंच आडनाव नाही, मुळात ते अनुक्रमे राजहंस, कुंदगोळकर, कोमकली आणि गोरे. पण आडनावाप्रमाणे लावणारी सॉफ्टवेअर सगळ्यांना "गंधर्व" खाली कोंबतात. त्यासाठी क्रमवारीचं नाव म्हणून वेगळं फील्ड असतं, त्यात "कुमार गंधर्व" असंच सरळ लिहा. आणि पंडित, पं., उस्ताद, विदुषी हे कलाकाराच्या फील्डमधून काढा, नाहीतर अर्धा संग्रह प खाली जातो आणि "पं. भीमसेन जोशी", "पंडित भीमसेन जोशी" आणि "भीमसेन जोशी" असे तीन गायक तयार होतात. नुसतं भीमसेन जोशी लिहिल्याने आदर कमी होत नाही.

जुगलबंदी किंवा युगुलगीत असेल तर दोन नावांच्या मध्ये "आणि" लिहू नका, दोन स्वतंत्र नावं द्या. एमपीथ्रीटॅगमध्ये त्यासाठी दोन उलटे स्लॅश टाकतात, फूबार२००० या प्लेअरमध्ये सेमीकोलन. मग ते गाणं दोघांच्याही नावाखाली दिसतं.

आता एक खास मराठी भानगड, जी सहसा कुणी सांगत नाही. वाऱ्या, ताऱ्या, दऱ्या यातला ऱ्य कॉम्प्युटरवर तीन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र चिन्ह असतं, दुसऱ्यात साधा र आणि त्याखाली नुक्ता, तिसऱ्यात र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर तिन्ही सारखेच दिसतात, पण सर्चला ते वेगळे वाटू शकतात आणि डोळ्यासमोर असलेलं गाणं "सापडलं नाही" असं येतं. एमपीथ्रीटॅगमध्ये शोधा-बदला अशी ऍक्शन बनवून ठेवता येते, त्यात तिन्हींचं एक रूप करून टाका आणि नवीन काही आलं की ती ऍक्शन त्याच्यावर फिरवा. तिथेच गन्धर्वचं गंधर्व, मालकौंसचं मालकंस, भूपालीचं भूप, जे तुम्हाला पटतं ते एकच रूप ठरवा. कोणतं ठरवता याला महत्त्व नाही, एकच असणं महत्त्वाचं. फक्त तोडी आणि गुजरी तोडी, बिलावल आणि अल्हैया बिलावल असं एकत्र करताना जपून, उरकायच्या नादात वेगळ्या रागांची खिचडी नको.

क्रम जिथे महत्त्वाचा आहे तिथे ट्रॅक नंबर आणि डिस्क नंबर भरल्याशिवाय उठू नका. गीतरामायणाचंच बघा. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ते आठवड्याला एक असं आलं, एकूण ५६ गीतं, आणि ती कथा आहे. नंबर नसतील तर प्लेअर अकारविल्हे लावतो आणि वनवास आधी, जन्म नंतर असं होतं. कितीही सीड्यांवर असलं तरी मी ०१ ते ५६ असे सलग नंबर देतो. नंबर दोन आकडी द्या, कारण काही साधे प्लेअर १ नंतर १० लावतात. आणि रेडिओवर वेगवेगळ्या गायकांनी गायलेलं आणि बाबूजींनी एकट्याने गायलेलं हे दोन वेगळे अल्बम, ते एकमेकांत मिसळू देऊ नका. रेडिओवाल्याला अल्बम कलाकार "विविध कलाकार", बाबूजींच्याला "सुधीर फडके". हा अल्बम कलाकाराचा टॅग रिकामा राहिला की एका अल्बमचे दहा तुकडे होऊन दिसतात, ही तक्रार सगळ्यांचीच असते आणि इलाज एवढाच आहे.

तसंच कट्यार काळजात घुसली, नाटक १९६७ चं, चित्रपट २०१५ चा. अल्बमच्या नावापुढे "नाटक" आणि "चित्रपट" लिहून टाका, नाहीतर दोन्ही एकात जातात.

पिकार्ड हे म्युझिकब्रेन्झचं (नेटवरचा संगीताच्या माहितीचा खुला साठा) सॉफ्टवेअर आवाजाच्या ठशावरून गाणं ओळखतं. हिंदी चित्रपटसंगीत, इंग्रजी यासाठी फार छान. मराठी आणि शास्त्रीयसाठी वापरा पण आंधळेपणाने सेव्ह करू नका. एकेक अल्बम घ्या, सुचवलेलं आणि आपलं शेजारी ठेवून कालावधी जुळतो का बघा, मगच सेव्ह. डुप्लिकेट काढणाऱ्या सॉफ्टवेअरचंही तेच. किशोरीताईंचे दोन भूप हे डुप्लिकेट नसतात, ती दोन वेगळी गाणी असतात. नावावरून डिलीट कधीच करायचं नाही, कालावधी बघायचा आणि दोन्हीचं एकेक मिनिट ऐकायचं.

फॉरमॅटबद्दल थोडक्यात. सीडी असेल तर फ्लॅकमध्येच काढा, सीडीच्या आकाराच्या साधारण निम्मं ते दोनतृतीयांश होतं आणि आवाज जसाच्या तसा राहतो. एमपीथ्रीचं फ्लॅक केल्याने काही सुधारत नाही, फक्त जागा जाते. कुणी "फ्लॅक आहे" म्हणून दिलं तर स्पेक नावाच्या, आवाजातल्या कंप्रतांचं चित्र दाखवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये उघडा, १६ किलोहर्ट्झच्या आसपास सरळ रेषेत कापलेलं दिसलं तर ते बहुतेक १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीवरून फुगवलेलं आहे. ही कसोटी जुन्या तबकड्यांना मात्र लावू नका, त्यांच्यात वरच्या कंप्रता मुळातच नसतात.

कॅसेटी असतील तर वेळ घालवू नका, फीत दरवर्षी खराब होतेय. डेकच्या लाइन-आउटमधून कॉम्प्युटरला, ऑडॅसिटीमध्ये ४४.१ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा, सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या, तान चढली की आवाज फाटायला नको. साठ मिनिटांची कॅसेट १६ बिटमध्ये ६०० एमबीच्या थोडी वर होते. ही मूळ फाइल न कापता, आवाजाची सफाई न करता फ्लॅक करून ठेवून द्या. सफाई कॉपीवर करा आणि हात राखून करा, खरखर घालवायच्या नादात तानपुऱ्याचा झणत्कारही निघून जातो. आणि कॅसेटच्या आतला कागद ३०० डीपीआयला दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, मागे तानपुऱ्यावर आणि स्वरसाथीला कोणता शिष्य, हे बऱ्याचदा त्या कागदाशिवाय कुठेच लिहिलेलं नसतं. त्या साथीदारांची नावं टाइप करायला पाच मिनिटं लागतात, तेवढी द्याच.

आता ऐकणं. विंडोजवर माझा कौल फूबार२००० ला. दिसायला रुक्ष आहे पण आपली जादा फील्ड नीट वापरणारा असा प्लेअर मला दुसरा मिळाला नाही. त्यात ऑटोप्लेलिस्ट बनवा: प्रहर "सकाळ" (भैरव, तोडी, बिलावल), "दुपार" (सारंगाचे प्रकार, मग मुलतानी), "संध्याकाळ" (मारवा, पूरिया, यमन), "रात्र" (बागेश्री, मालकंस, दरबारी). नवीन फाइलला टॅग लावला की ती आपोआप योग्य यादीत जाते. राग रिकामा असलेल्या शास्त्रीय फायलींची पण एक यादी ठेवा, तीच तुमची कामाची यादी, रोज थोडी थोडी कमी करत जा. सगळा संग्रह एकत्र शफलवर लावू नका, पन्नास मिनिटांच्या बड्या खयालानंतर तीन मिनिटांचं लावणीगीत आलं की दोन्हीची मजा जाते. आठ मिनिटांपेक्षा लहान असलेल्यांची वेगळी यादी करा आणि शफल तिथे वापरा.

रिप्लेगेन, म्हणजे सगळ्या फायली सारख्याच मोठ्या आवाजात वाजवायची सोय, जरूर लावा. १९३० ची तबकडी आणि आजचं चित्रपटगीत यांच्या आवाजात इतका फरक असतो की हात सारखा व्हॉल्यूमवर जातो. फूबारमध्ये सगळं निवडून स्कॅन केलं की प्रत्येक फाइलच्या टॅगमध्ये एक आकडा लिहिला जातो, मूळ आवाजाला धक्का लागत नाही. मिसळ याद्यांना ट्रॅक गेन (प्रत्येक गाणं वेगळं जुळवणारा), पूर्ण मैफल ऐकताना अल्बम गेन (सगळ्या अल्बमला एकच आकडा लावणारा), म्हणजे आलापाची हळुवार सुरुवात हळुवारच राहते. आलाप आणि बंदिश वेगळ्या ट्रॅकवर असतील तर मध्ये खंड पडायला नको, फ्लॅकमध्ये तो सहसा पडत नाही.

फोनवर म्युझिकोलेट चांगलं, ऑफलाइन चालतं, जाहिराती नाहीत, एकाच वेळी अनेक रांगा ठेवता येतात, म्हणजे अर्धवट राहिलेली मैफल एका रांगेत तशीच आणि गाणी दुसरीकडे. पूर्ण संग्रह फोनमध्ये मावत नसेल तर घरातल्या जुन्या लॅपटॉपवर नॅव्हिड्रोम हे आपला संग्रह नेटवरून ऐकवणारं सॉफ्टवेअर बसवा, फुकट आहे, आणि टेलस्केलने (आपल्याच उपकरणांचं खासगी जाळं बनवणारं सॉफ्टवेअर) फोन त्याला जोडा, की पुण्यातल्या घरची डिस्क दुबईत किंवा न्यू जर्सीत बसून ऐकता येते. मोबाइल डेटावर असाल तर पाठवतानाच ते फाइल लहान करून पाठवतं. नेटवर उघडा पोर्ट ठेवायचा, म्हणजे कुणालाही बाहेरून लॅपटॉपपर्यंत पोचता येईल असा मार्ग मात्र घेऊ नका.

कारसाठी वेगळा पेनड्राइव्ह करा. फॅट३२ ला फॉरमॅट, गाणी एमपीथ्रीमध्ये, फोल्डर एकात एक फार खोल नकोत. बरेच स्टिरिओ नावाप्रमाणे न वाजवता ज्या क्रमाने कॉपी झालं त्या क्रमाने वाजवतात, म्हणून क्रमाने लावून एकेक फोल्डर कॉपी करा, किंवा फॅटसॉर्ट नावाचं छोटं टूल आहे ते फिरवा.

बॅकअप शेवटपर्यंत सुरू राहिला पाहिजे. दोन डिस्क घरी आणि एक बहिणीकडे किंवा मित्राकडे, दिवाळीला आणि मे महिन्यात अदलाबदल. आरसा-पद्धतीने कॉपी करणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर लक्षात घ्या, इकडे चुकून डिलीट झालेलं तिकडेही डिलीट होतं, म्हणून फ्रीफाइलसिंकमध्ये जुन्या आवृत्त्या ठेवायचा पर्याय सुरू करा. फ्लॅकच्या आत मूळ आवाजाचा चेकसम (पडताळणीचा आकडा) असतो, त्यामुळे वर्षातून एकदा सगळ्या फायली तपासायला लावता येतात, रात्री सुरू करून ठेवलं की सकाळी खराब फायलींची यादी तयार असते आणि त्या तेवढ्याच दुसऱ्या डिस्कवरून परत आणायच्या.