सुट्टीसाठी भाड्याचं घर घेताना पार्किंगची खात्री कशी करावी

भाड्याच्या घराच्या पानावर ‘पार्किंग उपलब्ध’ एवढंच लिहिलं असेल, तर गाडी नेमकी कुठे लागणार हे तुम्हाला अजून कळलेलंच नाही असं धरून चाला. फाटकाच्या आतली स्वतंत्र जागा, तीन बिऱ्हाडांत मिळून एकच जागा, समोरच्या रस्त्याची कड, दहा मिनिटं चालत गाठायचा सशुल्क वाहनतळ, सगळं त्या दोन शब्दांत मावतं. ‘चांगलं रेटिंग असलेलं घर घ्या, काही होत नाही’ हा सल्ला तर मुळीच ऐकू नका. रेटिंग स्वच्छतेचं, गाद्यांचं आणि घरमालकाच्या वागण्याचं असतं. ते देणाऱ्यांतले कितीतरी जण गाडी न घेता आलेले असतात.

गाडीची मापं

लांबी, उंची आणि आरशांसकट रुंदी फोनमध्ये लिहून ठेवा. गाडीच्या पुस्तिकेतली रुंदी बहुधा आरसे वगळून दिलेली असते, म्हणून टेप घेऊन स्वतः मोजा, १.८ मीटर छापलेली गाडी आरशांसकट सहज २ मीटरपर्यंत जाते. टपावर सामानाची पेटी लावणार असाल तर उंची पेटीसकट मोजा.

पानावरचा मजकूर

भाड्याची घरं बुक करायच्या एअरबीएनबी या साइटवर आवारातली मोफत जागा, रस्त्यावरची मोफत जागा, आवारातली सशुल्क आणि आवाराबाहेरची सशुल्क असे वेगवेगळे पर्याय असतात. त्यातल्या कशावर खूण करायची ते घरमालकच ठरवतो. बुकिंग डॉट कॉमवर जागा खाजगी की सार्वजनिक, आवारात की जवळपास, आणि ती आधी राखून ठेवता येते का, हे सुविधांच्या यादीत एकाच ओळीत येतं. ती ओळ शेवटपर्यंत वाचा, कारण खरी गोम शेवटीच असते. आरक्षण शक्य नाही असं लिहिलेलं असेल तर ज्याची गाडी आधी पोहोचेल त्याला जागा. वर्णन आणि सुविधांची यादी एकमेकांशी जुळत नसतील, तर तुमच्या गैरसोयीचं जे असेल तेच खरं धरा.

या पानाचे स्क्रीनशॉट लगेच काढा, तारीख दिसेल असे. मजकूर नंतर बदलता येतो.

रिव्ह्यू आणि नकाशा

रिव्ह्यूंमध्ये पार्किंग, गाडी, गल्ली, चढ, फाटक, अरुंद असे शब्द शोधा आणि अलीकडचे आधी वाचा. तक्रार बहुधा सौम्य शब्दांत केलेली असते. ‘सकाळी निघताना शेजारच्यांना गाडी काढायला सांगावी लागली’ एवढ्या एका वाक्यातून जागा एकामागे एक आहे, हे कळतं. रिव्ह्यूखाली घरमालकाचं उत्तर असेल तर तेही वाचा. पानावर नसलेली माहिती तिथे सापडते.

एअरबीएनबीवर नेमका पत्ता साधारणपणे बुकिंग पक्कं झाल्यावरच मिळतो, त्याआधी अंदाजे ठिकाण दिसतं. तेवढ्यावरही गूगल मॅप्सच्या उपग्रह दृश्यात आसपासच्या गल्ल्या किती रुंद आहेत, गाड्या रस्त्यावर लागतात की आवारात, हे कळतं. संगणकावर नकाशावर राइट क्लिक केलं की अंतर मोजायची सोय मिळते. त्यातून येणारं माप अंदाजच समजा. स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे गूगल मॅप्सवरचे रस्त्यावरून काढलेले फोटो, बघताना फोटो कोणत्या महिन्यातला, कोणत्या वर्षातला आहे ते आधी बघा. आणखी एक गोष्ट सहज निसटते: ते फोटो दिवसाउजेडी काढलेले असतात. रहिवासी कामावर गेलेले असताना मोकळी दिसणारी कड रात्री आठला मोकळी असेलच असं नाही. रस्त्यावर लावायची वेळ येणार असेल तर पाट्या मोठ्या करून वाचा. फक्त रहिवाशांसाठीचा पास, तासांची मर्यादा, सम-विषम तारखा, रस्ता झाडण्याचा किंवा बाजाराचा दिवस, यांपैकी एकानेही गाडी उचलली जाऊ शकते.

घरमालकाला विचारणं

इथवर सगळं सोपं आहे. घोळ होतो तो इथे, आणि तोही प्रश्न चुकीचा विचारल्यामुळे. ‘पार्किंग आहे ना?’ असं विचारलं की ‘हो’ येतं, आणि त्या ‘हो’चा काडीचाही उपयोग नसतो. समोरचा खोटं बोलतोय असंही नाही. त्याची स्वतःची गाडी छोटी असते, त्या फाटकातून शिरायची त्याच्या हाताला वर्षानुवर्षांची सवय असते. कधी घर दुसऱ्याच कुणाकडे चालवायला दिलेलं असतं, आणि उत्तर देणाऱ्या माणसाने ती जागा पाहिलेलीही नसते. तेव्हा ‘हो’ म्हणून सुटता येणार नाही असेच प्रश्न विचारायचे. असा मजकूर पाठवा:

‘नमस्कार. आमची गाडी ४.४ मीटर लांब, आरशांसकट २ मीटर रुंद आणि १.७ मीटर उंच आहे. बुकिंग करण्याआधी एवढं कळवाल का? गाडी तुमच्या आवारात लागेल की रस्त्यावर? ती जागा फक्त या घराची आहे की इतरांशी वाटून घ्यायची? आमच्या पुढे किंवा मागे दुसरी गाडी लागते का? रस्त्यापासून जागेपर्यंत सगळ्यात अरुंद ठिकाण कोणतं आणि तिथे रुंदी किती? वर छत किंवा तुळई असेल तर उंची किती? पास, चावी किंवा वेगळे पैसे लागतात का? त्या जागेवर गाडी उभी असतानाचा एक फोटो आणि रस्त्यावरून फाटकाकडे बघतानाचा एक फोटो पाठवलात तर फार मदत होईल.’

यातली एकच गोष्ट विचारायची झाली तर फोटो मागा, आणि तोही गाडी उभी असतानाचा. रिकाम्या जागेचा फोटो फसवा असतो. फोनची रुंद कोनाची लेन्स दोन मीटरची फट अंगणाएवढी दाखवते. गाडी उभी असली की माप आपोआप कळतं. फोटो आला की दोन्ही बाजूंना भिंत किंवा खांबापर्यंत किती अंतर उरलंय ते बघा. चालकाच्या बाजूचं दार पूर्ण उघडेल का? गाडीचं नाक किंवा मागची बाजू रस्त्यावर, पदपथावर किंवा शेजाऱ्याच्या दारासमोर येतेय का? भिंतीवर दुसऱ्या फ्लॅटचा क्रमांक रंगवलेला आहे का? भिंतीच्या कोपऱ्यावर गाड्यांच्या रंगाचे ओरखडे दिसत असतील, तर तिथे अनेकांच्या गाड्या घासल्या आहेत हे उघड आहे.

पार्किंगच्या चौकोनाचं माप विचारून भागत नाही. ते बहुतेक ठीकच असतं. सर्वसाधारण जागा २.४ ते २.५ मीटर रुंद आणि ४.८ ते ५ मीटर लांब असते, आणि १.८ मीटर रुंदीची गाडी तिच्यात बसते. मधोमध लावली तर दोन्ही बाजूंना तीस-पस्तीस सेंटीमीटर उरतात. एका बाजूला भिंत असेल तर तेवढ्या फटीतून बाहेर पडता येत नाही. म्हणून माणसं आधी उतरवून, भिंतीकडची बाजू खेटून लावावी लागते. खरी अडचण जागेपर्यंत पोहोचण्यात असते. फाटक अडीच मीटरचं असूनही समोरची गल्ली तीन मीटरचीच असेल, तर साडेचार मीटरची गाडी काटकोनात वळून आत जात नाही, कितीही मागेपुढे केली तरी. काटकोनात गाड्या लावायच्या असतील तर समोर साधारण सहा मीटर मोकळा पट्टा धरतात, तो याचसाठी. म्हणून फाटकाइतकीच गल्लीची रुंदीही विचारा, आणि गल्लीत समोरच्या बाजूला रात्री गाड्या लागतात का तेही विचारा.

तळघरात जागा असेल तर उंची आकड्यात मागा. ‘मोठ्या गाड्या जातात’ हे उत्तर घेऊ नका. दारावर लिहिलेली उंची आणि आतल्या पाइपाखालची किंवा तुळईखालची उंची वेगळी असू शकते, आणि टपावरच्या पेटीने गाडी तीस-चाळीस सेंटीमीटरने उंच होते. गाड्या एकावर एक ठेवणारी यांत्रिक पार्किंग असेल तर उंचीबरोबर वजनाचीही मर्यादा विचारा. मोठ्या एसयूव्ही आणि जड बॅटरीच्या विजेवरच्या गाड्या तिथे अडतात. उताराचा रॅम्प असेल तर बाजूने काढलेला फोटो हवा. जिथे उतार सुरू होतो त्या कंगोऱ्यावर गाडीचं पोट टेकतं, आणि पाच माणसं व सामान भरलेली गाडी रिकाम्या गाडीपेक्षा खाली बसलेली असते.

आता उत्तरांबद्दल. ‘आजवर कुणाला अडचण आली नाही’, ‘आमचे पाहुणे नेहमी लावतात’, ‘जवळच भरपूर जागा असते’, ‘आलात की बघू’ यांतलं एकही वाक्य उत्तर म्हणून धरू नका. त्यांत आकडा नाही, फोटो नाही आणि जबाबदारीही नाही. एकदा नम्रपणे पुन्हा विचारा: जवळच म्हणजे किती मीटरवर, आणि ती जागा कुणाच्या मालकीची? दुसऱ्यांदाही गोलमाल उत्तर आलं तर घर सोडून द्या, मग ते कितीही आवडलेलं असो. ज्याच्याकडे खरोखर जागा आहे त्याला खाली जाऊन फोटो काढायला पाच मिनिटं लागतात.

हे सगळं त्या साइटच्या किंवा अ‍ॅपच्या संदेशांतूनच व्हायला हवं. मालकाने फोन केला तर जरूर बोला, पण ठेवल्यावर लगेच लिहा: ‘आत्ता बोलल्याप्रमाणे फाटकाच्या आत एक स्वतंत्र जागा आमच्यासाठी राखलेली आहे, वेगळे पैसे नाहीत. बरोबर ना?’ त्याला आलेलं लेखी ‘हो’ मात्र कामाचं. विचारण्याची वेळही महत्त्वाची. बुकिंगआधी विचारा, ते जमलं नाही तर निदान मोफत रद्द करण्याची मुदत संपायच्या आधी उत्तर हातात असू द्या. मुदत गेल्यावर कळलेल्या सत्याचा तुम्हाला काही फायदा नाही.

चार्जर आणि अपंगांसाठीची जागा

‘ईव्ही चार्जिंग’, म्हणजे विजेवरची गाडी चार्ज करायची सोय, असं लिहिलं असेल तर तो भिंतीवरचा साधा सॉकेटही असू शकतो. त्यातून दोन-तीन किलोवॉट मिळतात. सात किलोवॉटच्या चार्जरवर रात्रीत होणारं काम तिथे एक-दीड दिवस घेतं. किती किलोवॉट, कोणता प्लग, केबल कुणाची आणि चार्जर पार्किंगच्या जागेपासून किती लांब, एवढं विचारा. व्हीलचेअर असेल तर गाडीच्या बाजूला पूर्ण दार उघडून खुर्ची लावता येईल एवढी रुंदी आणि तिथून घराच्या दारापर्यंत पायऱ्या किती, हे दोन्ही फोटोसह मागा. यात तडजोड करू नका.

पर्यायी जागा

जवळचा चोवीस तास उघडा असणारा वाहनतळ आणि त्याची उंचीची मर्यादा नकाशात खूण करून ठेवा.

पोहोचल्यावर वेगळंच दिसलं तर

गाडी जबरदस्तीने आत घालू नका. ओरखडा तुमच्या गाडीला येतो आणि भिंतीची भरपाईही तुमच्याकडेच मागितली जाते. गाडी सुरक्षित ठिकाणी उभी करा, टेप लावून फाटकाचा फोटो काढा, रस्त्यापासून जागेपर्यंतचा सलग व्हिडिओ घ्या, आणि सामान उतरवण्याआधी अ‍ॅपवरच मालकाला लिहा. चिडून लिहू नका, मुद्द्याचं लिहा: ‘पानावर आवारातली मोफत जागा लिहिली आहे. इथे जागेवर दुसऱ्या बिऱ्हाडाची गाडी आहे. आज आठपर्यंत जागा मोकळी करून द्या, नाहीतर मुक्कामभराच्या वाहनतळाचा खर्च द्यावा.’ मुदत आणि मागणी दोन्ही लिहिलेली हवीत. नुसत्या ‘फार गैरसोय झाली’ला नुसतं ‘क्षमस्व’ येतं.

मालक हलला नाही तर त्याच दिवशी साइटच्या मदत विभागाकडे जा. एअरबीएनबीवर अडचण लक्षात आल्यापासून ७२ तासांच्या आत कळवावी लागते; सुट्टी संपवून घरी आल्यावर कळवणाऱ्यांची तक्रार इथेच बाद होते. सुरुवातीलाच काढलेले पानाचे स्क्रीनशॉट, मालकाचं लेखी उत्तर, फोटो आणि वाहनतळाच्या पावत्या एकत्र जोडा. मागणी नुकसानीच्या मापाची ठेवा. पार्किंगचा प्रत्यक्ष खर्च मागितला तर मिळण्याची शक्यता बरीच असते. जागेवाचून राहणंच अशक्य असेल, चालता न येणारं माणूस सोबत असेल, तर पूर्ण रद्द करून पैसे परत मागा, आणि तसं करायचं तर तिथे मुक्काम करण्याआधीच. कार्डाच्या बँकेकडे वाद नोंदवणं हा शेवटचा मार्ग. साइटचं लेखी उत्तर आल्याशिवाय तिकडे जाऊ नका.

रिव्ह्यू लिहाल तेव्हा ‘पार्किंग वाईट’ एवढंच लिहू नका, त्यातून पुढच्या माणसाला काहीच कळत नाही. मापं लिहा: ‘फाटक २.३ मीटर, समोरची गल्ली ३ मीटर. ४.४ मीटरची गाडी आत वळली नाही. चार मीटरच्या आतली छोटी गाडी जाते. जागा वरच्या मजल्याबरोबर वाटून आहे, संध्याकाळी सातनंतर भरलेली असते.’