मॉड्युलर पॉवर सप्लाय घेताना केबलींची पिशवी आधी उघडा

खानापुरात पावसाळ्यात लाइट दिवसातून चारदा ये-जा करते, त्यामुळे आमच्याकडे पीसीत पहिला बळी जातो तो पॉवर सप्लायचा. नवा घ्यायला बेळगावात गेलात तर खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका, सप्लायच्या अंगावरचं लेबल वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात ५४ अँपिअर असतील तर १२ × ५४ = ६४८ वॉट, म्हणजे खोक्यावरचा ‘६५०’ खरा. ३८ असतील तर १२ व्होल्टवर जेमतेम ४५६, आणि प्रोसेसर-ग्राफिक्स कार्डाचं पोट तिथूनच भरतं. ‘८० प्लस’चा शिक्का वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो, टिकेल का, ते वॉरंटीच्या वर्षांवरून जोखायचं.

मॉड्युलरची, म्हणजे केबली काढता-घालता येणाऱ्या सप्लायची, खरी गोम मात्र केबलीत आहे. मदरबोर्डकडचं टोक सगळ्यांचं सारखं, पण सप्लायकडच्या टोकाला पिनांची मांडणी कंपनी आपल्या मर्जीने करते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक निघतो. मी एकदा जुन्या सप्लायची साटा केबल (हार्ड डिस्कला वीज देणारी) नव्याला लावली. टक्क आवाज करून गच्च बसली की! बटण दाबलं आणि हार्ड डिस्कमधून करपल्याचा वास. त्यात ताईच्या लग्नाचे फोटो होते, ती अजून ऐकवते.

सेकंडहँड घेताना त्याच्याच मूळ केबली मोजून घ्या. ‘कुठलीही चालते हो’ असं विकणारा म्हणाला, तर सरळ उठा. आणि पैसे वाचवायचे असतील तर सेमी-मॉड्युलर बघा, त्यात मुख्य केबली कायमच्या जोडलेल्या असतात. मदरबोर्डची २४ पिनांची केबल तशीही काढायची नसतेच.