झेंडूच्या जुडीपासून रीतिभूतकाळापर्यंत: ओफ्रेंदा मांडत स्पॅनिश शिका

मेक्सिको सिटीत आल्यावर आठ महिने मी फोनवर रोज शब्द घोकत होते आणि बाजारात मात्र बोट दाखवून भागवत होते. ऑक्टोबरच्या अखेरीस शेजारच्या सेन्योरांनी, म्हणजे बाईंनी, दारात विचारलं, ‘‘या पुसो सु ओफ्रेंदा?’’ तुमची ओफ्रेंदा मांडून झाली का? त्या आठवड्यात जे शब्द शिकले, ते आजवर विसरले नाही.

दिआ दे मुएर्तोस म्हणजे गेलेल्या माणसांच्या परतीचे दिवस. 1 नोव्हेंबर लहान मुलांचा, 2 नोव्हेंबर मोठ्यांचा. त्यांच्यासाठी घरात जी मांडणी करतात ती ओफ्रेंदा. पितृपक्ष पाहिलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

सगळं सामान एकदम आणू नका. रोज एक फेरी, रोज एकाच गोष्टीचे शब्द.

सुरुवात फुलांपासून करा. शक्य असेल तर हामाइकाच्या फुलबाजारात जा. तिथे झेंडूचे ढीग पाहून दसऱ्याचा दादर आठवेल, आणि ते योग्यच आहे, कारण आपला झेंडू मूळचा इथलाच. त्याचं नाव सेम्पासूचिल; इथल्या मूळ रहिवाशांच्या नाहुआत्ल भाषेत सेम्पोवाल्ली म्हणजे वीस आणि शोचित्ल म्हणजे फूल. विचारा, ‘‘आ कोमो एल मानोहो?’’ जुडी कशी दिली? मानोहो म्हणजे जुडी. हा एक शब्द आला की कोथिंबीर, पालक सगळं सुटतं. विक्रेत्याशी बोलताना ‘उस्तेद’ वापरा, म्हणजे आपलं ‘तुम्ही’. ‘तू’ तिथेही ‘तू’च आहे, पण तो घरच्यांसाठी ठेवा.

पुढच्या फेऱ्यांत आग्वा (पाणी), साल (मीठ), बेला (मेणबत्ती), जाळीदार कापलेल्या रंगीत कागदाच्या पताका म्हणजे पापेल पिकादो, आणि धुपासाठी कोपाल ही राळ. पान म्हणजे पाव, विड्याचं पान नव्हे. आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आलेल्या ‘पाव’चा तो सख्खा भाऊ. पेरू मागायचा तर ग्वायाबा म्हणा, ‘पेरू’ म्हटलंत तर दक्षिण अमेरिकेतला देश समजतील. भोपळा म्हणजे कालाबासा. तो पिलोनसियोत, म्हणजे जवळजवळ आपल्या गुळातच, शिजवतात. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मला घारगे आठवले आणि मी ओट्यापाशी बराच वेळ नुसती उभी राहिले.

वस्तू जागेवर ठेवताना तिचं नाव मोठ्याने घ्या. एकटं असलात तरी घ्या. मग मागे सरून विचारा, ‘‘के फाल्ता?’’ काय राहिलं? फाल्ता ला साल. मीठ राहिलं.

आता खरी शिकवण. फोटो ठेवलात की कोणीतरी विचारणारच, हे कोण? उत्तर देताना जो काळ लागतो, तो वर्गात मला कधीच जमला नव्हता. कांताबा, तोमाबा, आसिया. ती गायची, ती प्यायची, ती करायची. हा आपला रीतिभूतकाळ आहे, दुसरं काही नाही. इंग्रजीतून शिकणारे इथे अडखळतात; तुम्ही इंग्रजी मध्ये आणू नका. ‘‘आ मी आब्वेला ले गुस्ताबा एल ते’’ हे वाक्य पाहा. माझ्या आजीला चहा आवडायचा. ‘आजीला’ तिथेही ‘आजीला’च आहे, आणि आवडणारी वस्तूच कर्ता, अगदी मराठीसारखी. मी चिपळूणच्या आजीचा फोटो ठेवला होता. आल्याचा चहा, पहाटेच्या ओव्या, कुळथाचं पिठलं, एवढं सांगायला मला अकरा वाक्यं लागली. सेन्योरांनी एकही दुरुस्त केलं नाही, फक्त पुढचा प्रश्न विचारत राहिल्या.

तेव्हा एकाच माणसाबद्दल अशी दहा वाक्यं आदल्या रात्री लिहून काढा. अनोळखी नावांची उदाहरणं नकोत. तुमचं माणूस घ्या. वाक्यं पाठ करू नका, फोटोसमोर बसून सांगा. ‘‘ला एस्त्रान्यो’’ हेही लागेल: मला तिची आठवण येते.

3 तारखेला मांडणी उचलताना शेवटची क्रियापदं मिळतात: लेबान्तार, उचलणं, रेपार्तीर, वाटणं, ग्वार्दार, जपून ठेवणं. फळं शेजारी वाटा. सुकलेल्या झेंडूतलं बी काढून डबीत भरा आणि वर चिठ्ठी लावा: सेमियास.