भरतीच्या अभ्यासाचा गट कसा चालवावा

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात पोलीस भरतीसाठी आम्ही पाच जण दोन वर्षं सोबत बसलो, तीन पोरी आणि दोन पोट्टे. ग्रामपंचायतीची जुनी खोली, एक फळा, एक चटई. ज्यांना गट करायचा आहे त्यांच्यासाठी हे लिहिते.

गट चार-पाच जणांचाच ठेवा. सुरुवातीला आम्ही अकरा होतो. दोघं बोलायचे, बाकीचे वहीत उतरवून घ्यायचे आणि घरी जाताना वाटायचं, आज लय अभ्यास झाला.

सगळ्यात मोठी चूक आमच्याकडून वाटणीत झाली. ज्याचं गणित पक्कं, त्याच्याकडेच आम्ही गणित दिलं. तो सोडवायचा, आम्ही माना डोलवायचो. तीन महिन्यांनी तो कंटाळून गट सोडून निघाला, आणि त्याचं चुकलं नव्हतं. त्याला समजावून परत आणला आणि वाटणी उलटी केली: ज्याचा विषय कच्चा, त्यानंच तो फळ्यावर शिकवायचा. पक्क्यानं मागे बसून फक्त प्रश्न विचारायचे.

पहिल्या दिवशी माझ्या वाट्याला रेल्वेची उदाहरणं आली. १५० मीटरची गाडी, वेग ताशी ५४ किलोमीटर, खांब ओलांडायला किती वेळ? मी ५४ ला ५/१८ नं गुणलं, १५ आले, उत्तर १० सेकंद. मागून मैत्रिणीनं विचारलं, "पण ५/१८च काहून?" मला सांगता येईना. गणितवाला गप्पच राहिला, तसंच ठरलं होतं. मग मी मांडून पाहिलं: किलोमीटरचे १००० मीटर, तासाचे ३६०० सेकंद, १००० भागिले ३६०० म्हणजेच ५/१८. तेव्हापासून ते सूत्र मला पाठ करावं लागलं नाही.

माझी बहीण बी.एड. करते. ती म्हणाली, प्रत्येकाला धड्याचा एकेक तुकडा देऊन इतरांना शिकवायला लावायची रीत एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शाळांत सुरू केली. आमच्या खोलीत ती आपोआपच आली होती.

वेळ वावराच्या कामावरून ठरवा. सोयाबीनच्या सोंगणीत आणि दिवाळीनंतर कापूस वेचणीत दिवसा कोणी मोकळं नसतं, म्हणून आम्ही रात्री साडेसात ते नऊ बसायचो. वेचणीवरून आलेल्या पोरीचे डोळे मिटायला लागले तर तिला बोलू नका, तिचा भाग उद्यावर घ्या. लाईन गेली की तोंडी चालू घडामोडी. मुली असतील तर रात्री घरापर्यंत सोडायला कोण जाणार, हे पहिल्याच दिवशी ठरवून घरच्यांना सांगा. नाहीतर आठवड्याभरात मुली येणं बंद होतं.

रविवारी ९० मिनिटं लावून १०० गुणांचा पेपर सोडवा, बोलणं बंद. नंतर चुकलेली उदाहरणं एका सामाईक वहीत लिहा, पुढे नाव लिहा. ज्याचं नाव, त्यानं पुढच्या रविवारी पेपराआधी तेच उदाहरण फळ्यावर सोडवायचं, वही बंद ठेवून.