पानं खाणारा भुंगेरा मारण्याआधी एवढं बघा

पाऊस लागला की परसातल्या वांग्याच्या पानांची चाळण होते, आणि गडग्यापलीकडच्या काँग्रेस गवताचीही. खाणारे दोन्हीकडे भुंगेरेच. वांग्यावरचा हड्डा भुंगेरा आपलं नुकसान करतो. गवतावरचा मेक्सिकन भुंगेरा मात्र १९८४ साली बंगळुरूला मुद्दाम सोडला गेला, काँग्रेसचा फडशा पाडावा म्हणूनच. म्हणून पंप पाठीला लावण्याआधी दोघांना शेजारीशेजारी ठेवून बघा.

सकाळी लवकर जा, तेव्हा ते सुस्त असतात. काँग्रेसला हात लावताना हातमोजे घाला. त्याने अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं. प्रत्येक भुंगेरा त्याच्या पानासकट वेगळ्या बरणीत घ्या.

आधी पाठ बघा. हड्डा विटकरी, अंगावर बारीक लव आणि काळे ठिपके. मेक्सिकन जेमतेम ६ मिलिमीटर, मळकट पांढरा, पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा. चकचकीत लाल ठिपकेवाला दिसला तर तो बहुधा मावा खाणारा ढालकिडा. हड्डा त्याच्याच कुळातला, म्हणून तर लोक फसतात.

पाठीपेक्षा पान जास्त सांगतं. वांग्याचं पान उलटं करा: पिवळी, उभी अंडी पुंजक्याने चिकटलेली, आणि अंगभर फाटेदार काटे असलेली पिवळी अळी. ती हिरवा गर खरवडते, मागे शिरांची जाळी उरते. कोषही पानावरच सापडतो. मेक्सिकन अळीला असे काटे नसतात. ती काँग्रेसचे कोवळे शेंडे आणि कळ्या कुरतडते, त्यामुळे बी कमी धरतं. कोषासाठी ती मातीत उतरते.

तरीही शंका असेल तर बरणीत दोन्ही झाडांची पानं ठेवा, तोंडाला फडकं बांधा आणि सकाळी बघा कुठलं पान खाल्लंय.

हड्डा निघाला तर अंड्यांची पानं खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा. झाडाखाली सूप धरून फांदी हलवा. मेल्याचं सोंग घेऊन भुंगेरे टपाटप पडतात.

मेक्सिकनला हात लावू नका. मी एकदा गडग्याजवळ औषध मारलं. भुंगेरे मेले, काँग्रेस पुन्हा तरारलं. त्याची हळहळ अजून आहे. फक्त सूर्यफूल लावलं असेल तर नजर ठेवा, कारण त्यावरही तो कधीकधी दिसलेला आहे.

वाडीत दुसरीकडे काँग्रेस माजलं असेल तर भोकं पाडलेल्या डब्यातून पाल्यासकट थोडे भुंगेरे तिथे नेऊन सोडा. पाऊस सरला की ते जमिनीत दडतात आणि पुढच्या पावसात वर येतात, तेव्हा ती जागा मधल्या काळात खणू नका.